पितरांतली गाडी

हिंदुरावमामानं व्हॅनच्या पुढच्या चाकाला एक सणसणीत लाथ घातली, पायाचा अंगठा धरून जागच्या जागी नाचला आणि मग जाहीर केलं, "माल खणखणीत हाय. संजे, डोळं झाकून घे."

मामाला गाड्यांतलं कळतं, असा आमच्या अख्ख्या भावकीचा समज होता. त्याला कारण एवढंच, की लग्नाची जीप असो नाहीतर दवाखान्यात निघालेली रिक्षा, मामा कायम ड्रायव्हरच्या शेजारी बसायचा आणि 'डावीकडनं घे', 'हॉर्न मार' असं सांगत राहायचा. स्वतः त्याला सायकलसुद्धा धड येत नव्हती. पण माझे वडील, आप्पा, गेल्यापासून आमच्या घरात कुठलीही मोठी खरेदी मामाशिवाय होत नसे, मग ती शिलाई मशीन असो की गाडी.

कऱ्हाडला हायवेच्या कडेला जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात आम्ही उभे होतो. विकणारा गॉगल कपाळावर चढवून हसत होता. "पितरं चालू आहेत म्हणून ही किंमत, ताई. कोण घेत नाही या पंधरवड्यात. एकदा घट बसले की हीच गाडी तुमच्या हाताला लागणार नाही."

गाडी दिसायला झकास होती. पांढरीशुभ्र, आरशाला लिंबू-मिरची, सीटवर नवी कव्हरं. मी बॉनेटवर तळहात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"इंजिन तापलंय कसं?"

"आत्ताच धुऊन आणली ना."

"मग ओली पाहिजे होती की कुठंतरी."

त्याचं हसू जरा आखडलं. आमचे आप्पा साखर कारखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. ते म्हणायचे, गाडी बघायची तर सकाळी, ती झोपेतनं उठायच्या आत. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन कुणाचंही गोड चालतं. मी ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. सीट मागे-पुढे सरकते त्या पट्टीला गंज चढला होता आणि गंजाच्या खाचेत वाळलेला गाळ होता. बोटावर घेऊन तो मामाला दाखवला.

"ही पुराच्या पाण्यात उभी होती, मामा."

"तुझ्या बोटाला बरी सगळीकडं मातीच घावती!" मामा वैतागला. त्याला कव्हरं फार आवडली होती.

आम्ही तिथून निघालो. मामा लंगडत होता आणि त्याचा सगळा दोष माझ्यावर होता.

मला गाडीची एवढी घाई का होती, ते सांगायला हवं. तेव्हा मी कापडाच्या दुकानात काउंटरवर होते. दिवसभर साड्या उलगडायच्या, बायका 'बघू, परत येतो' म्हणून गेल्या की घड्या घालायच्या. मला गाडी चालवता येत होती आणि त्या दुकानात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. एकदा शेवाळे मॅडम साडी बघायला आल्या. त्या आणि आणखी चार शिक्षिका रोज कऱ्हाडहून ढेबेवाडीच्या खोऱ्यात शाळांवर जायच्या. त्यांचा जीपवाला सगळं सोडून पुण्याला निघाला होता. मी साडीची घडी घालता घालता म्हटलं, "मॅडम, मी नेऊ का तुम्हाला?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "लायसन आहे?"

"आहे. गाडी नाही."

"मग गाडी आण. सोमवारपासून यायचं. एक दिवस जरी आमच्या शाळा बुडाल्या, तर आम्ही दुसरा बघणार. आणि वाटेत बंद पडणारी नको हं, संजीवनी. हेडमास्तर कारणं ऐकत नाहीत."

म्हणजे आठवडाभरात, लाखाच्या आत, रोज खोऱ्यात जाऊन येईल आणि रुसणार नाही अशी गाडी. आणि तीही ऐन पितरांत.

अशी गाडी मिळाली ती गुलाब मास्तरांकडे. गुलाब मुलाणी शाळेचे गणवेश शिवायचे आणि आपल्या व्हॅनमधून गावोगावच्या शाळांत पोचवायचे. मी सकाळी सातलाच त्यांच्या दारात हजर झाले. बॉनेट दगडासारखं गार होतं. चावी फिरवली, एकदा कुरकुर झाली आणि इंजिन लागलं ते एका सुरात. मागे धूर नाही, खाली तेलाचा थेंब नाही. मी पायपुसणी उचलली, सीट सरकवल्या. तिथं खाकी दोऱ्यांचे गुंते, टाचण्या आणि पांढरी बटणं सापडली. पण गाळ नव्हता. शर्ट-चड्ड्यांच्या ओझ्यानं कुठल्या गाडीच्या स्प्रिंगांचे पाटे बसतात?

रंग मात्र जागोजागी उडाला होता. मास्तर शेजारी उभे राहून आपल्याच गाडीच्या चहाड्या सांगत होते. "तिसरा गिअर जरा मनधरणी करून घ्यावा लागतो. मागचं दार आतनं उघडत न्हाई, बाहेरनंच उघडायचं. हॉर्न पावसाळ्यात घोगरा होतो."

मामानं मला बाजूला ओढलं. "जो माणूस एवढं सांगतोय तो काय तरी लपवतोय बघ."

"मास्तर, मग विकताय कशाला?" मी सरळच विचारलं.

मास्तरांनी मानेला हात लावला. "मशीनवर वाकून वाकून मान आखडली. मागं बघताच येत न्हाई पोरी. रिव्हर्स घेताना दोनदा शेजाऱ्याचा चौथरा पाडला. आता पोराला टेम्पो घेऊन दिलाय." मग म्हणाले, "आमच्यात पितरं नसत्यात, पण गिऱ्हाईक तुमच्यातलंच. म्हणून भाव उतरवलाय. शुक्रवारी संध्याकाळी विट्याचा एक जण येणार हाय. त्येच्या आधी सांग."

मी तिथंच गाडी घेतली असती. पण घरी आई होती.

"पितरांत घरात नवी वस्तू आणायची न्हाई," आई भाकरी थापता थापता म्हणाली. मान वर केली नाही.

"नवी कुठंय? अकरा वर्षांची जुनी आहे."

आईचा हात थांबला. मामानं भाकरीचा तुकडा तोंडाजवळ धरून थोडा वेळ विचार केला. "आक्का, मुद्दा हाय. वापरलेल्या वस्तूला पितरांचं काय न्हाई. आपण भंगार न्हाई का घेत?"

"भंगार विकतो आपण, हिंद्या. घेत न्हाई. आणि आपल्या दारात पयल्यांदा आली म्हंजे नवीच."

"आई, सोमवारी गाडी नसली तर हे काम गेलं. परत नाही मिळायचं. मी काय जन्मभर साड्यांच्या घड्या घालू?"

"घाल की. सावलीतलं काम हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शुक्रवारी तुझ्या आप्पांचा म्हाळ हाय. त्यास्नीच इचारू. पानाला कावळा शिवला तर घे गाडी. न्हाई शिवला तर परत त्या गाडीचं नाव काढायचं न्हाई."

मी लगेच हो म्हटलं. मला खात्री होती. दगडाच्या खाणीजवळच्या माळावर मला गाडी शिकवणारे आप्पाच होते, तेही आईला न सांगता. ते कशाला नाही म्हणतील?

शुक्रवारी बाराच्या सुमाराला पान वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. भात, वरण, खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. गुलाब मास्तर गाडी घेऊनच आले होते. बोळात आमच्या दारासमोर व्हॅन उभी करून तेही गच्चीवर आले. आता जेवूनच जा, असा मामानं त्यांना आग्रह केला होता. पण कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, हे त्यांना नंतर कळलं.

कावळे होते. शेजारच्या अँटेनावर दोन, चिंचेवर चार-पाच. एक आला, कठड्यावर बसला, पानाकडे एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं आणि उडून गेला.

"लाजतंय," मामा म्हणाला.

अर्धा तास गेला. मामानं हात जोडले. "दाजी, या की आता. संजीचं लगीन यंदा उरकून टाकतो."

जवळ आलेला कावळा चक्क मागे सरकला.

"मामा, गप्प बस!"

"बरं, उरकत न्हाई. दाजी, आक्काची काळजी करू नका, मी हाय." कावळा पंख साफ करू लागला. मामानं घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दाजी, तुमची ती तीन सेलची बॅटरी हरवली न्हवती. माझ्याकडंच हाय. आणून देतो."

"हिंद्या!" आई एवढंच म्हणाली.

मास्तर हसू दाबत आभाळाकडे बघत होते. तेवढ्यासाठीसुद्धा त्यांना अख्खं अंग मागे कलवावं लागत होतं.

आई मात्र डोक्यावर पदर घेऊन जिन्याच्या दाराशी उभी होती. मामा तिला म्हणाला, "आक्का, तू बोल की काय तरी. तुझं ऐकतील."

"मी काय बोलू? त्यांचं त्यास्नी कळतंय."

दोन वाजले. खिरीवर साय धरली. मी कावळ्याकडे बघत मनातल्या मनात एवढंच म्हणत होते, आप्पा, असं काय करताय? पण कावळा काही हलला नाही आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मामासमोर रडायचं नव्हतं. मी जिना उतरून खाली आले. मास्तर माझ्यामागून आले.

"मास्तर, विट्याच्या माणसाला द्या गाडी."

मास्तरांनी चावी खिशातून काढून पुढे केली. "देतो. पण बोळातनं मागं काढून दे तेवढी. माझ्या मानेनं न्हाई जमायचं, तुमच्या गटारात जाईन."

आमचा बोळ मागून बंद. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला पायऱ्या, मोटारसायकली, कुणाची पाण्याची पिंपं. आप्पा कधीतरी कारखान्याचा रिकामा ट्रक त्यात उलटा घालायचे, तेव्हा पोरं गोळा व्हायची. मी सीटवर बसले. आता आपली होणार नाही म्हटल्यावर गाडीबद्दल भीड राहिली नव्हती. उजवं कोपर खिडकीबाहेर टाकलं, धड मागे वळवलं, डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर ठेवला आणि गाडी मागे सोडली. वरून मामा "डावीकडनं! डावीकडनं!" ओरडत होता. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पिंपाला वळसा घातला, गटाराच्या काठानं चाक नेलं आणि एका दमात, कुठंही न थांबता गाडी रस्त्यावर आणली.

वर पाहिलं. आई कठड्याशी आली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिचा पदर डोक्यावरून खाली पडला होता, तो तिनं सावरला नव्हता. मग ती दिसेनाशी झाली.

मी चावी मास्तरांच्या हातात देत होते तेवढ्यात गच्चीवर मामाची आरोळी उठली. "शिवला! शिवला! दाजी आले!"

मी दोन-दोन पायऱ्या चढून वर गेले. कठड्यावर एक कावळा नव्हता, सात-आठ होते. त्यांनी पानाची दैना केली होती आणि खीर मामाच्या धोतरावर सांडली होती. मामा गहिवरला होता. "बघितलंस संजे? बॅटरीत जीव अडकला हुता त्यांचा." आई शेजारी उभी होती. हातात रिकामी ताटली, ती तिनं पटकन पदराआड घेतली.

"जा," ती मला म्हणाली, "मास्तरांना जेवायला बोलाव. आणि येताना चावी घेऊन ये."

मला एवढा आनंद झाला की मी आईला मिठी मारायला गेले. ती म्हणाली, "लांब हो, खरकटं हाय सगळं." तिचे डोळे लाल होते. ते चुलीच्या धुरानं झाले असतील असं मी धरून चालले.

सोमवारी सकाळी मी गाडी पुसून तयार ठेवली, तर आई ठेवणीतलं लुगडं नेसून दारात. हातात डब्याची पिशवी.

"कुठं निघालीस?"

"तुझ्याबरोबर. पुढं बसणार मी."

"आई, मी कामाला चाललेय. मॅडम लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आठ सीटा हायत, पाच बाया. माझी एक."

शेवाळे मॅडमनी भुवया उंचावल्या, पण आईनं डब्यातनं लाडू काढून एकेक हातावर ठेवल्यावर तो प्रश्न मिटला. कऱ्हाड सुटल्यापासून आईच्या तोंडाला खळ नव्हता. "हे कुठलं गाव?" विंग. "आणि हे?" कोळे. "इथनं घर किती लांब पडलं?" अर्धा तास. "ह्या वळणाला नेहमी एवढीच गर्दी असती?" आज बाजार आहे. तळमावल्याला कुठं चहा मिळतो, ढेबेवाडीला गाडी कुठल्या झाडाखाली लावायची, शाळा सुटेपर्यंत मी कुठं बसायचं, सगळं तिनं विचारून घेतलं. मॅडम मागे खुसूखुसू हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मंगळवारी परत आई पुढच्या सीटवर. बुधवारीही. घट बसले त्या दिवशीसुद्धा ती उपासाची खिचडी घेऊन हजर. गाडी कुठं बंद पडली नाही, तिसरा गिअर रोज थोडी मनधरणी करून घेत होता, आणि बाहेरून उघडायच्या दाराची मॅडमना इतकी सवय झाली की आईच उतरून सगळ्यांना दार उघडून द्यायला लागली.

शनिवारी शाळा लवकर सुटली. सगळ्या मॅडमना घरोघरी सोडलं आणि गाडीत आम्ही दोघीच उरलो. मी म्हटलं, "आई, तुझा अजून माझ्यावर विश्वास नाही ना? म्हणून येतेस रोज."

"तुझ्यावर हाय. आप्पांवरच न्हवता." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "त्या दिवशी कावळा का शिवत न्हवता, ठावं हाय तुला?"

"बॅटरी," मी हसून म्हटलं.

"कशाची बॅटरी! मिरचीची भजी ठेवली न्हवती मी पानात. तळून फडताळात झाकून ठेवली हुती. भजी नसली तर ते ताटाला हात लावायचे न्हाईत, म्हणून."

मी गाडी बाजूला घेतली. "आई! तू आप्पांना फसवलंस? म्हाळाच्या दिवशी?"

"मग काय करू? इचारलं असतं तर हो म्हणाले असते ते. ते मला आधीच ठावं हुतं." तिनं मांडीवरच्या डब्याचं झाकण उगाच उघडलं. "आणि मग तू गाडी मागं काढलीस. ते कोपार तसंच बाहेर, मान तशीच. मला वाटलं, हे इथं खाली गाडीत बसल्यात आणि मी वर कावळ्याला कशाला उपाशी ठेवतीय. मग आणली भजी."

मी तिचा हात धरला. तिनं तो थोडा वेळ राहू दिला आणि मग सोडवून घेतला, कारण डबा सांडत होता.

"पण एवढं वाईट का वाटत होतं तुला गाडीचं?"

तिनं डब्याचं झाकण घट्ट बसवलं. "चल घरी," म्हणाली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गुलाब मास्तरांची ती व्हॅन मी सहा वर्षं चालवली, पुढे दुसऱ्या गाड्या आल्या, शेवाळे मॅडम रिटायर झाल्या. मामा अजूनही ड्रायव्हरच्या शेजारीच बसतो आणि त्या म्हाळाची गोष्ट सांगताना बॅटरी सोडत नाही. आम्हीही त्याचा भ्रम मोडत नाही.

मला आठवतो तो त्यानंतरचा सोमवार. मी गाडी सुरू करून वाट बघत होते. आई दारात आली, पण रोजच्याच साध्या लुगड्यात. डबा माझ्या हातात दिला.

"चल ना. उशीर होतोय," मी म्हटलं.

"मी न्हाई येत आता. तू जा."

"का? काय झालं?"

"काय होतंय? रस्ता बघून झाला माझा." तिनं खिडकीवर हात ठेवला. "तुझं आप्पा गाडी घेऊन जायचे, तवा मला ते कुठं असतील ते कधी कळायचं न्हाई. वीस वर्षं नुसतं दाराकडं बघत बसले. आता तसं न्हाई. आता घड्याळ बघितलं की कळंल मला, आत्ता विंग गेलं असंल, आत्ता कोळं, आत्ता पोरगी झाडाखाली बसून डबा खात असंल."

मग तिनं गाडीच्या दारावर थाप मारली आणि म्हणाली, "जा, मॅडम वाट बघत असतील."